जातो म्हणणारा माणूस

आमच्या सरांना बोलताना मधे तोडायचं नाही, हा ऑफिसातला पहिला नियम मला कुणी सांगितलाच नाही, म्हणून पहिल्याच दिवशी माझी अख्खी दुपार वाया गेली. सर कीबोर्डबद्दल काहीतरी सांगत होते. मी म्हटलं, हो सर, पण. तेवढ्यावर ते थांबले. चष्मा काढला, शर्टाच्या टोकानं पुसला, परत घातला आणि पहिल्या वाक्यापासून पुन्हा सुरू झाले. मला वाटलं, वय झालंय, विसरले असतील. मी आणखी एकदा 'पण' म्हटलं, तर गाडी परत पहिल्या स्टेशनावर. तिसऱ्या खेपेला शेजारच्या टेबलाखालून कुणीतरी माझ्या पायावर पाय दिला, तेव्हा कुठं मी तोंड मिटलं. अर्ध्यातून पुढं जाणं सरांना जमतच नव्हतं. सांगायचं तर सगळं सांगायचं, आणि कुणी अडवलं तर सगळं परत सांगायचं.

आमचं ऑफिस औरंगपुऱ्यात, शहराच्या भर बाजारात. खाली साड्यांचं दुकान, वर आम्ही. जिना असा की एका वेळी एकच माणूस चढेल नाहीतर उतरेल. सर चढत असले की उतरणाऱ्यानं मुकाट्यानं मागं फिरायचं, कारण सर एक पायरीसुद्धा मागं घेत नसत. एकदा खालच्या दुकानातली दोन गिऱ्हाईकं साडी मॅचिंग होते का ते उजेडात बघायला गच्चीवर गेली होती. ती उतरायला आणि सर चढायला एक गाठ पडली. बायका हटेनात, सर हटेनात. शेवटी सरांनी तिथंच जिन्यात उभं राहून त्यांना त्या साडीचा रंग कसा उडणार हे समजावून सांगायला सुरुवात केली. बायका साडी परत करून गेल्या. दुकानदार आमच्या मालकांशी पंधरा दिवस बोलला नाही.

माणसाला नावानं हाक मारणं सरांना पटत नसे. ते गावानं मारत. मी लासूर स्टेशनची, म्हणून मी 'लासूर'. मालक मूळचे अजिंठ्याचे, शेतीवाडी असलेले, तर मालकांना 'अजिंठा'. ज्याच्याकडं नोकरी करायची त्यालाच सकाळी सकाळी 'काय अजिंठा, आज उशीर?' म्हणून विचारायला छाती लागते. मालक बिचारे 'व्हय सर, मुलीला शाळेत सोडायचं होतं' असं सांगून मोकळे व्हायचे. त्यांना कॉम्प्युटर सरांनीच शिकवलेला होता, त्यामुळं इलाज नव्हता.

सरांनी आयुष्यभर एकच प्रोग्राम लिहिला, आणि तो गाडी शिकवणारा. कॉम्प्युटरसमोर बसायचं, बाणाची बटणं दाबायची, पडद्यावर क्रांती चौक दिसतो, त्यातून गाडी काढायची. शहरातल्या ड्रायव्हिंग क्लासमधे तो चालायचा. नवीन माणसाला खऱ्या गाडीत बसवण्याआधी याच्यावर बसवायचे, म्हणजे निदान खांबांचं नुकसान टळत असे. स्वतः सरांना सायकलसुद्धा येत नव्हती. पण वाहतूक त्यांनी अशी अभ्यासली होती की विचारू नका. उन्हात छत्री धरून तासन् तास चौकात उभे. ट्रॅफिक पोलीस त्यांना पाणी विचारायचा. प्रोग्राममधली म्हैस मधेच बसायची. आणि रिक्षा तर सरांचा जीव की प्राण. रिक्षावाला पाय बाहेर काढतो, तो वळायचं आहे म्हणून काढतो की नुसता अवघडला म्हणून काढतो, हे शिकणाऱ्याला शेवटपर्यंत कळू नये याची त्यांनी खास व्यवस्था केली होती. मी विचारलं, हे कशाला. तर म्हणाले, "लासूर, ज्याला हे आधीच कळतं तो या गावात गाडी शिकलेला नाही."

कोडमधली नावंही मराठीच. इंग्रजी अक्षरांत लिहिलेलं, पण मराठी. 'ब्रेक_दाब', 'म्हैस_उठव', 'रिक्षा_घुसव'. आणि या सगळ्याच्या पोटात एक लूप. लूप म्हणजे न संपणारं चक्र. बटण दाबलंय का बघ, गाडी पुढं ने, रिक्षा हलव, चित्र काढ, की परत बटण बघ. सेकंदाला कितीतरी वेळा हे चालतं, म्हणून आपल्याला गाडी पळाल्यासारखी दिसते. प्रोग्राम बंद करेपर्यंत तो लूप कुणासाठी थांबत नाही, कुणाला विचारत नाही. सरांना त्याचा भारी अभिमान. मला तर बघता क्षणी कळलं होतं की हा लूप कुणावर गेलाय.

मग एक दिवस ड्रायव्हिंग क्लासवाले भाईजान जिना चढून आले. सरांचे सगळ्यात जुने गिऱ्हाईक. खुर्चीत टेकले आणि म्हणाले, साहब, आजकल कम्प्यूटर खोलके कौन बैठता? बच्चे हो या औरतां, सब मोबाइल पे सीखते, घर से. ब्राउझर में चलता तो बोलो, नहीं तो पूनावाले का तैयार माल आ रहा. भाईजान गेल्यावर मालकांनी सरांना आणि मला समोर बसवलं. दिवाळीच्या आत हा प्रोग्राम ब्राउझरमधे चालला तर ठीक, नाहीतर तो बंद करायचा. आणि प्रोग्रामच नसला तर सरांनाही आता आराम. मालक हे खाली बघून बोलले. वेबचं काम मला येत होतं, त्यामुळं जबाबदारी माझ्या गळ्यात. सरांनी जाताना मालकांच्या टेबलावरचा पेपरवेट सरळ करून ठेवला.

त्याच आठवड्यात सर डबा विसरले आणि मी तो आणायला त्यांच्या घरी गेले. घर दोन गल्ल्या सोडून. दार सरांच्या बायकोनं, काकूंनी, उघडलं आणि मी बोलायच्या आत हातानं गप्प बस म्हणून खूण केली. मला वाटलं कुणी आजारी आहे. आत नेऊन मला दिवाणावर बसवलं आणि स्वतः शेजारी बसल्या. आम्ही दोघी नुसत्या बसलो. पंखा फिरत होता. गल्लीतही सामसूम होती.

"ऐकलंस?" काकू म्हणाल्या.

मी म्हटलं, काय काकू, मला तर काहीच ऐकू आलं नाही.

"तेच," त्या म्हणाल्या.

मग त्यांनी मला सांगितलं. लग्न होऊन आल्या ते भरल्या घरात. दीर, नणंदा, येणारेजाणारे, आणि सासूबाई तर रात्री झोपेतसुद्धा बोलायच्या. आता सासूबाई राहिल्या नाहीत, दीर आपापल्या घरी, मुलगी सासरी. उरले सर. नऊला ते निघाले की संध्याकाळपर्यंत घर काकूंचं. टीव्ही नाही, रेडिओ नाही, त्या नुसत्या बसायच्या. असं बसायला मिळायला त्यांना अर्धं आयुष्य लागलं होतं.

"हे घरी बसले तर बोलतील गं," त्या म्हणाल्या. "चांगलंच बोलतील, वाईट नाही बोलायचे. पण बोलतील. तू काय वाटेल ते कर, तो प्रोग्राम चालव. आणि ह्यांना यातलं काही कळू देऊ नकोस. मन दुखेल त्यांचं."

मी डबा घेऊन निघाले. नोकरी सरांची जाणार होती, पण माझ्या डोळ्यांसमोर काकूंचा दिवाण येत होता.

सरांचा कोड ब्राउझरला समजेल असा करून घेणं अवघड गेलं नाही, त्यासाठी साधनं असतात. अवघड पुढंच होतं. मोठ्या थाटात सुरू केलं, तर पान पांढरं फटक. चौक नाही, म्हैस नाही, काही नाही. थोड्या वेळानं ब्राउझरनं एक चौकट वर काढली, की हे पान प्रतिसाद देत नाही, वाट पाहायची की बंद करायचं? सरांनी 'वाट पाहा' दाबलं. परत चौकट. परत 'वाट पाहा'. चहा आला, चहा गार झाला, सर वाट पाहताहेत.

मी समजावलं, की सर, ब्राउझरला सगळं एकट्यालाच करायचं असतं. चित्र दाखवायचं, बोट कुठं लागलं ते बघायचं, बाकीची पानं सांभाळायची. तुमचा लूप एकदा आत शिरला की बाहेरच येत नाही. ब्राउझर काहीतरी मधे बोलायला बघतोय, तुमचा लूप त्याला बोलू देत नाही.

"मग त्यानं ऐकावं," सर म्हणाले.

असं म्हणाले खरे. पण मनातून त्यांना पटलं असावं, कारण दुसऱ्या दिवशी त्यांनी तोडगा काढला. लूपमधे प्रत्येक फेरीनंतर एक डुलकी घालायची. लूप जरा वेळ झोपला की ब्राउझरला सवड. चालवलं, तर पान तसंच पांढरं. माझं डोकं तापलं होतंच. मी म्हटलं, सर, खुर्चीत झोपलेल्या माणसानं खुर्ची सोडलेली नसते. उठून बाहेर यावं लागेल. एक फेरी मारायची आणि बाहेर. सर ताडकन म्हणाले, बाहेर आला की प्रोग्राम संपला, मग उरलं काय? त्यांचंही खरं होतं. त्यांच्या मशीनवर लूपमधून बाहेर पडणं म्हणजे मरणंच. आठ दिवस आमचं तेच भांडण, आणि मी मधे बोलायची, त्यामुळं तेही रोज पहिल्यापासून.

त्यात माझ्या भावाचा साखरपुडा आला. मी सगळ्या ऑफिसला लासूरला बोलावलं होतं. आले फक्त सर, पॅसेंजरनं, काखेत छत्री. पोटभर जेवले, जिलेबी दोनदा मागून घेतली, आईनं खूश होऊन तिसऱ्यांदा वाढली. पान खाल्लं, चपला घातल्या आणि दारात उभं राहून म्हणाले, "बराय. जातो."

आईचा चेहरा उतरला. शुभकार्याचं घर, आणि पाहुणा उंबऱ्यात उभा राहून जातो म्हणतो. ती हात जोडून म्हणाली, "असं म्हणू नाय दादा. येतो म्हणावं."

झालं. सर चपला काढून दारासमोरच्या मांडवात परत बसले. त्यांचं म्हणणं, मी लासूरला परत कधी येईन हे मला ठाऊक नाही, मग येतो कसं म्हणू? ते खोटं होईल. माणूस घराबाहेर पडतो त्या क्रियेला जाणे म्हणतात. आईनं मधे दोनदा 'पण दादा' म्हटलं, त्यामुळं हे सगळं तिला तीनदा ऐकावं लागलं. गाडीची वेळ झाली. गाडी शिट्टी मारून गेली तरी सर बोलतच होते. मांडव सोडणारे आले, त्यांनी सरांच्या भोवतीनं मांडव सोडला. शेवटी आईचा धीर सुटला आणि ती म्हणाली, "जा बाबा एकदाचा."

"बघा," सर म्हणाले, "शेवटी जाच म्हणालात."

त्यांना घेऊन मीच पुढच्या गाडीनं शहरात परत निघाले. मी चिडलेली. आईचा तो चेहरा डोळ्यांसमोरून हलत नव्हता. आणि पोटूळ स्टेशन यायच्या आत माझी ट्यूब पेटली.

"सर," मी म्हटलं, "तुमचा लूप बाहेर पडायला का घाबरतो माहितीये? त्याला फक्त जातो म्हणता येतं."

सर काही बोलायच्या आत मी पुढं रेटलं. ब्राउझरमधे जाताना सांगून ठेवायची सोय आहे. पुढचं चित्र काढायची वेळ झाली की मला परत बोलव, एवढं सांगायचं आणि खुशाल बाहेर पडायचं. तो बोलावतो. आपण आत यायचं, एक फेरी मारायची, परत सांगायचं, परत बाहेर. न संपणारं चक्र आपण फिरवायचंच नाही. आपण फक्त दर वेळी येतो म्हणून निघायचं.

मी सरांना इतकं तोडून बोलले होते, पण ते पहिल्यापासून सुरू झाले नाहीत. खिडकीबाहेर बघत राहिले. दौलताबाद आलं, किल्ला मागं पडला.

"बोलावेल याची खात्री काय?" त्यांनी विचारलं.

"भरवसा ठेवायचा," मी म्हटलं.

"भरवसा," सर म्हणाले, आणि स्टेशन आल्यावर छत्री काखेत मारून उतरले.

दुसऱ्या दिवशी मी पोचले तर सर आधीच हजर. लूप तोडलेला. एका फेरीचं वेगळं फंक्शन केलेलं आणि त्याचं नाव 'येतो'. चालवलं. आणि बाई, क्रांती चौक दिसला. म्हैस दिसली. मी टाळी वाजवली. फक्त गाडी जागची हलत नव्हती, नुसती थरथरत होती. बटण कितीही दाबा, गाडी आपली चौकाच्या तोंडाशी उभी राहून हुडहुडी भरल्यासारखी कापतेय. कारण असं, की वेग किती, गाडी कुठं, रिक्षा कुठं, हे सगळं सरांनी लूपच्या पोटात ठेवलेलं. लूप बाहेर पडला की ते विसरलं जायचं आणि पुढच्या फेरीला सगळं नव्यानं सुरू. गाडी इंचभर पुढं, की परत मूळ जागी.

हे मात्र सरांनीच सोडवलं. एसटीत आपण काय करतो, म्हणाले. खिडकीतून सीटवर रुमाल टाकतो आणि मग निवांत दारातून चढतो. बाहेर पडताना सगळं एका रुमालात बांधायचं आणि रुमाल जागेवर ठेवून जायचं. आलं की आपली जागा आपल्याला. त्यांनी खरंच एक गठ्ठा केला, त्याला 'रुमाल' नाव दिलं, त्यात गाडी, म्हैस, सगळ्या रिक्षा भरल्या आणि तो फेरीच्या बाहेर ठेवून दिला. गाडी चालली. सर स्वतःच चालवायला बसले आणि पहिल्याच वळणावर म्हशीवर घातली. इतके खूश झालेले मी त्यांना कधी पाहिले नव्हते.

दिवाळीच्या आत भाईजान आले. मालकांनी फराळाचं ताट मांडलं. भाईजाननी आपल्या मोबाइलवर पान उघडलं आणि गाडी काढली. मधेच त्यांच्या घरून फोन आला. ते बोलले, काय भाजी आणायची ती ऐकली, फोन ठेवला आणि पानावर परत आले, तर गाडी होती तिथंच उभी, सगळा चौक त्यांच्यासाठी खोळंबलेला. ते हसायलाच लागले. म्हणाले, हां साहब, अब बनी बात, ये घर में चलेगा. चकली तोंडात टाकून त्यांनी मालकांशी हात मिळवला आणि पूनावाल्याला नाही म्हणून तिथूनच फोन लावला. माझ्या डोक्यावरचं ओझं उतरलं. मी मनातल्या मनात काकूंना म्हटलं, घ्या, बसा आता निवांत.

भाईजान गेले आणि मालकांना उत्साह आला. ते मनानं चांगले आहेत, पण चांगल्या माणसांना उत्साह आला की ती कुणाचं तरी भलं करून टाकतात.

"सर," मालक म्हणाले, "आता समदं ब्राउझरात हाय. कशाला या वयात ह्यो जिना चढता? उद्यापासनं घरूनच काम करा. घरबसल्या, आरामात. मी नवा लॅपटॉप देतो."

म्हणजे मीच. जे होऊ नये म्हणून मी महिनाभर डोकं फोडलं, ते मीच घडवून आणलं होतं. प्रोग्राम बंद पडला असता तर सर घरी, आणि चालला म्हणूनही सर घरीच. मी काहीतरी थाप मारायला तोंड उघडलं. त्यांच्या घरी इंटरनेट नीट चालत नाही, असं सांगणार होते.

"नको," सर म्हणाले.

ऑफिसात एका शब्दावर थांबलेले सर आम्ही कुणीच पाहिलेले नव्हते. मालकांनी का म्हणून विचारलं.

"दुपारी घर तिचं असतं," सर म्हणाले. "एकदा मला ताप होता म्हणून दुपारी घरी गेलो. खिडकीतून बघितलं, तर ती नुसती बसली होती. इतकी निवांत मी तिला कधी पाहिली नव्हती. दार न वाजवता परत आलो. मी तिथं बसलो तर मी बोलेन, अजिंठा. आणि ती ऐकेल. तिनं फार ऐकलंय."

मालकांनी खाली बघितलं आणि बरं म्हणाले. सर कॉम्प्युटरकडं वळले. मला तिथं उभं राहवेना. मी गच्चीवर गेले आणि काकूंना फोन लावला. प्रोग्राम चालला, हे सांगितलं. सर घरी बसत नाहीत, हे सांगितलं. मग राहवलं नाही म्हणून ते का बसत नाहीत, तेही जसंच्या तसं सांगितलं, तापासकट.

पलीकडं दिवाण करकरला. काकू उठून उभ्या राहिल्या असाव्यात.

"ताप अंगात घेऊन परत गेले?" काकूंनी विचारलं.

मी म्हटलं, हो.

"मला म्हणाले, ऑफिसात काम होतं." मग नाक ओढल्याचा आवाज आला. "त्यांना आत्ता पाठवून दे. दुपारची वेळ आहे हे मला कळतंय, तरी पाठव. काय बोलायचं ते बोलू देत. मी ऐकते."